परग्रहांची निसर्गचित्रं आणि एआय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एआय साधनात ‘परग्रहावरचं अद्भुत दृश्य’ असं टाइप केलं, पहिल्या चित्राला डोळे दिपले आणि विसाव्या चित्राला कंटाळा आला, असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी हे पान. यातले बरेच प्रश्न मला विचारले गेलेले आहेत, काही माझे मलाच पडलेले.

मला साधं घरसुद्धा नीट काढता येत नाही. मला हे जमेल का?

जमेल. इथे हातापेक्षा नजर जास्त लागते. डोंगराकडे बघून ‘छान आहे’ म्हणणारा आणि ‘हा उत्तरेकडून जास्त झिजलाय’ म्हणणारा, या दोघांत दुसऱ्याची चित्रं चांगली होतात. थोडं भूगोलाचं आणि थोडं खगोलशास्त्राचं वाचन असेल तर उत्तमच, नसेल तर चित्रं काढता काढता होतं.

हे यंत्र नेमकं करतं काय? इंटरनेटवरचे तुकडे उचलून चिकटवतं का?

चिकटकाम नाही. जुन्या टीव्हीची केबल निघाली की पडद्यावर मुंग्या यायच्या, आठवतं? सुरुवात तिथून होते. मॉडेलला, म्हणजे या यंत्राला, शिकवताना कोट्यवधी चित्रांवर कमीजास्त मुंग्या पसरतात आणि ‘यातल्या मुंग्या कोणत्या, चित्र कोणतं’ हे ओळखायला लावतात. ओळख पक्की झाली की उलटा प्रवास सुरू. नुसत्या मुंग्या द्यायच्या, सोबत तुमचे शब्द द्यायचे, आणि मॉडेल वीस-तीस पायऱ्यांत मुंग्या झाडत झाडत शब्दांशी जुळेल असं चित्र उघडं करतं. या पद्धतीला डिफ्यूजन म्हणतात. मूळ कल्पना २०१५ सालची. २०२० मध्ये तिच्यातून बघण्याजोगी चित्रं निघू लागली, आणि २०२२ मध्ये डॅल-ई २, मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्यूजन पाठोपाठ आल्यावर ती सगळ्यांच्या हातात पडली. आजची सगळीच साधनं याच पद्धतीनं चालतात असं नाही, पण वागणूक बरीचशी सारखी असते.

यातून कामाची एक गोष्ट कळते. मोठे आकार, म्हणजे क्षितिज कुठे, उजेड कुठून, डोंगर कुठे, हे सुरुवातीच्या काही पायऱ्यांतच ठरून जातं. नंतर फक्त बारकावे भरले जातात. म्हणून रचनाच फसली असेल तर पायऱ्या वाढवून काही हाती लागत नाही, नव्यानं सुरुवात करावी लागते.

चिकटकाम नाही म्हटलं, पण पाठांतर अजिबात नाही असंही समजू नका. शिकवताना पुन्हा पुन्हा समोर आलेली काही चित्रं मॉडेलमधून जवळपास जशीच्या तशी बाहेर काढता येतात, हे संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं आहे.

माझी सगळी चित्रं एकसारखीच का दिसतात?

मी न बघता तुमचं चित्र सांगतो. कड्यावर पाठमोरा उभा एक माणूस. समोर खोल दरी, दरीत निळं-जांभळं धुकं. आभाळाचा निम्मा भाग व्यापणारा एक ग्रह, बहुतेक शनीसारख्या कड्यांसकट. आणि लांब कुठेतरी उगाचच चमकणारा एक मनोरा.

बरोबर ना? यात तुमची चूक थोडी आणि यंत्राचा स्वभाव जास्त. ‘मिठाचं मैदान’ म्हटलं की मॉडेलला खरे फोटो आठवतात. ‘परग्रह’ म्हटलं की काय आठवणार? दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहावर उभं राहून कोणी फोटो काढलेला नाही. त्या शब्दाखाली जमा आहेत ती पोस्टरं, मुखपृष्ठं, खेळांची दृश्यं आणि संगणकाच्या पडद्यावर लावायचे वॉलपेपर. म्हणजे मॉडेल परग्रहाची सरासरी काढत नाही, परग्रह काढणाऱ्या चित्रकारांच्या सवयींची सरासरी काढतं. त्यातून स्टेबल डिफ्यूजनसारख्या मॉडेलांना शेवटच्या टप्प्यात शिकवताना ‘लोकांना आवडतील’ अशी चित्रं मुद्दाम निवडून दिली गेली. लोकांना आवडेल ते सगळीकडे साधारण सारखंच असतं.

उरलेलं काम आपण करतो, ‘भव्य’, ‘अद्भुत’, ‘विलक्षण’, ‘८के’ असे शब्द ओतून. प्रॉम्प्टमधलं, म्हणजे साधनाला दिलेल्या वर्णनातलं, एकेक विशेषण उचला आणि विचारा, हे त्या जागेबद्दल आहे की बघणाऱ्याबद्दल? ‘भव्य’ हे बघणाऱ्याबद्दल. ‘तीन किलोमीटर उंच, पायथ्याशी दरड कोसळलेली’ हे जागेबद्दल. पहिल्या जातीचे शब्द खोडले की निम्मा प्रॉम्प्ट जातो. जाऊ द्या.

मग प्रॉम्प्टची सुरुवात कुठून करायची?

दृश्यापासून करू नका, कारणापासून करा. आपल्या जगातली एकच गोष्ट बदला आणि ती बदलल्यामुळे जमिनीवर, उजेडावर, वाऱ्यावर काय काय होईल ते कागदावर लिहून काढा. हे पान लिहायला बसलो ते मुख्यतः हे सांगण्यासाठी, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

समजा, ग्रहाची एकच बाजू कायम सूर्याकडे आहे, जशी चंद्राची एकच बाजू कायम पृथ्वीकडे असते. छोट्या, मंद ताऱ्यांच्या अगदी जवळून फिरणाऱ्या ग्रहांचं असं होणं फार शक्य आहे. मग एका बाजूला कायमचा दिवस, दुसऱ्या बाजूला कायमची रात्र, आणि मधे संधिप्रकाशाचा एक पट्टा. त्या पट्ट्यात उभं राहू. सूर्य क्षितिजाला टेकलेला आणि तिथेच खिळलेला. म्हणजे सावल्या कधी हलत नाहीत. म्हणजे प्रत्येक खडकामागे अशी एक जागा आहे जिला ऊन ठाऊकच नाही, आणि तिथे कधीच न वितळलेलं हिम साचलेलं असणार. जमिनीलगतचा वारा थंड बाजूकडून गरम बाजूकडे सतत वाहणार, म्हणून खडक एकाच अंगानं झिजलेले. वाळूच्या टेकड्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून.

आता प्रॉम्प्ट असा होतो: ‘सपाट खडकाळ मैदान. सूर्य क्षितिजाला टेकलेला, मंद नारिंगी ऊन डावीकडून आडवं. लांबच लांब सावल्या. प्रत्येक खडकाच्या सावलीत पांढरं हिम, उन्हातली बाजू काळपट आणि कोरडी. खडक वाऱ्यानं एकाच बाजूनं गुळगुळीत झिजलेले. निर्जन. डोळ्याच्या उंचीवरून काढलेला फोटो, रुंद कोनाची लेन्स, हवेत थोडी धूळ.’

यात ‘परग्रह’ हा शब्द कुठेही नाही, हे लक्षात आलं असेल. मुद्दामच गाळलाय. तो आला की मनोरा आलाच. त्याऐवजी भूगोलाच्या पुस्तकातले शब्द वापरा: बेसाल्टचे षटकोनी खांब, थिजलेला लाव्हा, हिमनदीनं कोरलेली दरी, चंद्रकोरीच्या आकाराच्या वाळूच्या टेकड्या, भेगाळलेला तळ. या सगळ्यांचे खरे फोटो मॉडेलनं पाहिलेत, त्यामुळे दगडाचा पोत खरा उतरतो. पृथ्वीवरचे खरे तुकडे आणि पृथ्वीवर नसलेलं कारण, या मिश्रणातून जे निघतं ते बघणाऱ्याला परकं वाटतं पण खोटं वाटत नाही.

आकाशाचा रंग कसा ठरवायचा? आवडेल तो दिला तर चालत नाही का?

चालतं, पण मग जमीन आणि आकाश दोन वेगळ्या चित्रांतून आणल्यासारखे दिसतात. आकाशाचा रंग हवेतून आणि धुळीतून येतो आणि तोच रंग खाली सावल्यांत उतरतो. आपल्या अंगणातले, म्हणजे सूर्यमालेतले चार नमुने पाहू.

मंगळावर दिवसाचं आकाश धुळीमुळे पिवळट-तपकिरी दिसतं, आणि सूर्यास्ताला सूर्याभोवती निळसर झाक येते. आपल्याकडच्या अगदी उलट. तिथली बारीक धूळ निळा प्रकाश फार न पसरवता जवळपास सरळ पुढे टाकते म्हणून असं होतं. क्युरिऑसिटी रोव्हरनं २०१५ मध्ये हा निळा सूर्यास्त रंगीत टिपला. यातला एक मजेदार किस्सा म्हणजे १९७६ च्या जुलैत व्हायकिंग १ मंगळावर उतरलं तेव्हा पहिलं रंगीत चित्र घाईत जाहीर झालं आणि त्यात आकाश निळसर होतं. मग रंग तपासून दुरुस्त केल्यावर ते गुलाबीसर निघालं. तज्ज्ञांची नजरसुद्धा सवयीच्या रंगाकडे ओढली जाते, तर मॉडेलचं काय घेऊन बसलात.

शनीचा चंद्र टायटन: जाड नारिंगी धुरकं, भरदुपारीही संधिप्रकाशासारखा उजेड. ह्युजेन्स यान तिथे १४ जानेवारी २००५ ला उतरलं आणि त्याला नदीतल्या गोट्यांसारखे गुळगुळीत गोल दगड दिसले, बर्फाचे. टायटनच्या चित्रात मागे लखलखीत शनी काढायचा मोह सगळ्यांना होतो, पण त्या धुरक्यातून जमिनीवरून तो दिसणार नाही. शुक्र: दाट ढगांतून गाळून आलेला पिवळा-नारिंगी उजेड, ४६० अंश सेल्सिअसच्या वर तापमान. १९८२ मध्ये वेनेरा १३ हे यान तिथे १२७ मिनिटं टिकलं आणि रंगीत चित्रं पाठवून गेलं.

आणि चंद्र. हवा नाही, म्हणून भरदिवसा काळं आकाश. पण याहून महत्त्वाचा परिणाम वेगळा आहे. आपल्याकडे लांबचा डोंगर फिका आणि निळसर दिसतो, त्यावरून आपण अंतर ओळखतो. चंद्रावर लांबचंही जवळच्याइतकंच स्पष्ट. १९७१ मध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर एका मोठ्या विवराचा काठ शोधत निघाले आणि काठ साधारण तीस मीटरवर असताना तो न सापडताच परत फिरले. म्हणजे चित्रात धुकं घालायचं की नाही, हा तुमच्या ग्रहाला हवा आहे की नाही हा प्रश्न आहे. मॉडेल विचारत नाही, सगळीकडे धुकं घालून मोकळं होतं.

दोन सूर्य काढले, पण चित्र खोटं वाटतं. का?

सावल्या मोजा. बहुतेक एकच असेल, किंवा भलत्याच दिशेला असेल. दोन सूर्य म्हणजे प्रत्येक वस्तूला दोन सावल्या. गंमत त्यांच्या रंगात आहे. पिवळ्या सूर्याच्या सावलीत तांबड्या सूर्याचा उजेड पडतो, म्हणून ती सावली तांबूस, आणि तांबड्याची सावली पिवळसर. दोन्ही सावल्या एकमेकींवर पडतील तेवढीच जागा खरी काळी. हे मॉडेलकडून शब्दांनी करून घेणं जवळपास अशक्य आहे. मी एक सावली मॉडेलकडून घेतो आणि दुसरी फोटो एडिटरमध्ये हातानं टाकतो.

दोन ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह खरोखर आहेत. केप्लर-१६बी या अशा ग्रहाचा शोध २०११ मध्ये जाहीर झाला. त्याच्या दोन ताऱ्यांपैकी एक दुसऱ्याहून फारच मंद आहे, त्यामुळे तिथली दुसरी सावली जेमतेम जाणवेल. दोन सूर्य सारख्या तेजाचे असलेच पाहिजेत असं नाही, आणि नसले तर चित्र जास्त पटतं.

‘लाल बटू’, म्हणजे छोट्या, मंद ताऱ्याचं आणखी एक. नाव लाल म्हणून लोक सगळं दृश्य रक्तासारखं लाल करतात. ट्रॅपिस्ट-१ या लाल बटू ताऱ्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण २५५० केल्विन आहे, आणि जुन्या तारेच्या पिवळ्या बल्बचं साधारण २७००. म्हणजे त्या ग्रहांवरचा उजेड खोलीतल्या पिवळ्या दिव्यासारखा, किंचित जास्त तांबूस. सात ग्रह आहेत त्याला, इतके जवळजवळ की एकावरून शेजारचा ग्रह कधी कधी आपल्या चंद्राहून मोठा दिसावा.

आकाशात मोठा ग्रह हवा आहे. किती मोठा काढू?

आपला चंद्र आकाशात अर्धा अंश रुंद दिसतो. हात लांब करून मूठ धरलीत तर ती साधारण दहा अंश. गुरूच्या आयो या चंद्रावरून गुरू सुमारे १९ अंश दिसतो, म्हणजे शेजारी शेजारी धरलेल्या दोन मुठींएवढा. मंगळाच्या फोबोस चंद्रावरून मंगळ ४२ अंशांचा, तो मात्र खरंच छातीत धडकी भरवेल. रुंद कोनाच्या लेन्सनं आडव्या चित्रात साधारण ७५ अंश मावतात. त्या हिशेबानं आयोवरचा गुरू चित्राच्या पाव रुंदीला येतो. निम्मं आभाळ व्यापायचं तर आधी ठरवा की आपण इतक्या जवळ का आहोत.

आकारापेक्षा पुढच्या चुका जास्त बोचतात आणि मॉडेल त्या नेमानं करतं. ग्रहाची उजळलेली बाजू सूर्याकडेच हवी. सूर्य उजवीकडे क्षितिजावर आणि ग्रहाची कोर डावीकडे उजळलेली, असं चित्र मी आठवड्याला एक तरी बघतो. दिवसा दिसणाऱ्या ग्रहाची अंधारी बाजू काळी दिसत नाही, आकाशाच्याच रंगाची दिसते, कारण मधली हवा उजळलेली असते. दिवसाचा चंद्र बघा, लगेच पटेल. आणि कोरीच्या आतल्या अंधाऱ्या भागात तारे दिसता कामा नयेत. तिथे ग्रह आहे, भोक नाही.

कडी हवी असतील तर तुम्ही उभे कुठे आहात ते ठरवा. कडी असलेल्या ग्रहावरच उभे असाल तर शनीच्या फोटोतली लंबवर्तुळं दिसणार नाहीत. विषुववृत्तावरून एक बारीक रेघ माथ्यावरून जाईल, तिथून दूर गेलात तर एका बाजूला झुकलेली कमान दिसेल. रात्री त्या कमानीचा एक तुकडा गायब असेल, कारण तिथे ग्रहाचीच सावली पडलेली असते. हा गायब तुकडा ज्या चित्रात दिसेल त्या चित्रकाराला माझा नमस्कार.

डोंगर कितीही उंच काढले तर चालतात का?

कमी गुरुत्वाकर्षण असेल तर डोंगर जास्त उंच राहू शकतो. मंगळावरचा ऑलिंपस मॉन्स सुमारे २२ किलोमीटर उंच आहे. पण तो सुमारे ६०० किलोमीटर रुंद आहे आणि त्याचा उतार इतका मंद की त्याच्यावर उभं राहून तो डोंगर आहे हे कळणारही नाही. मंगळावर उभ्या माणसाला क्षितिज साधारण साडेतीन किलोमीटरवर असतं, पृथ्वीवर पाचच्या आसपास. उंची आणि नाट्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरळ तुटलेला कडाच हवा असेल तर युरेनसच्या मिरांडा या छोट्या चंद्राकडे बघा. १९८६ मध्ये व्हॉयेजर २ यानाला तिथे दिसलेला कडा २० किलोमीटरपर्यंत उंच असावा असा अंदाज आहे. तिथून दगड सोडला तर तळाला पोचायला बारा मिनिटं लागतील. चहा होईल तोवर.

अणकुचीदार सुळक्यांची सवय मात्र एआयच्या आधीची आहे. अमेरिकन चित्रकार चेस्ली बोनस्टेल यांनी १९४४ मध्ये टायटनवरून दिसणारा शनी रंगवला आणि अवकाशचित्रांची एक पिढी त्यातून घडली. त्यांच्या चंद्रावरचे डोंगर तीक्ष्ण सुळक्यांचे असत. त्यांच्याही आधी फ्रेंच खगोलनिरीक्षक आणि चित्रकार ल्युसियाँ रुदो यांनी दुर्बिणीतून चंद्राची कड निरखून तिथले डोंगर गोलसर, दबलेले काढले होते. अपोलो मोहिमांत माणसं तिथे पोचली तेव्हा रुदो बरोबर ठरले. सुळके जास्त देखणे होते, म्हणून तेच लोकांच्या मनात राहिले आणि पुढे मॉडेलांच्याही.

‘झाडं नकोत’ लिहिलं की हमखास झाडं येतात. हे काय आहे?

बरीच मॉडेलं ‘झाडं’ वाचतात, ‘नकोत’ सोडून देतात. नको ती वस्तू प्रॉम्प्टमध्ये आणूच नका, तिच्या जागी काय आहे ते लिहा. ‘झाडं नकोत’ ऐवजी ‘उघडा खडक’. ‘माणूस नको’ ऐवजी ‘निर्जन’. काही साधनांत नकारात्मक प्रॉम्प्टची वेगळी चौकट असते, नको त्याची यादी तिथे द्यायची.

सीड, पायऱ्या, गायडन्स हे आकडे बदलायचे का?

सीड म्हणजे सुरुवातीच्या मुंग्या कोणत्या घ्यायच्या त्याचा क्रमांक. सीड, प्रॉम्प्ट आणि बाकी सगळं तेच ठेवलं तर चित्रही तेच येतं. म्हणून एखादा शब्द नेमका काय करतो हे बघायचं असेल तर सीड पक्का करून तेवढाच शब्द बदला. गायडन्स म्हणजे मॉडेलनं तुमच्या शब्दांना किती घट्ट धरावं. फार वाढवला की रंग भडक आणि कडा करपल्यासारख्या होतात. पायऱ्या तीसच्या पुढे नेऊन मला क्वचितच फरक दिसला आहे. बाकी आकड्यांना हात लावला नाहीत तरी चालेल.

रुंद चित्र मागितलं की दोन क्षितिजं किंवा जुळे डोंगर येतात.

मॉडेल ज्या मापाच्या चित्रांवर शिकलं त्याच्या फार बाहेर गेलात की ते तीच गोष्ट दुसऱ्यांदा काढायला लागतं. जुनी स्टेबल डिफ्यूजन मॉडेलं ५१२ पिक्सेलच्या चौकोनासाठी होती, नंतरचं एसडीएक्सएल १०२४ साठी. आधी मापातलं चित्र काढा, मग आउटपेंटिंगनं कडेला वाढवा किंवा अपस्केल करा, म्हणजे आहे तेच चित्र मोठं करून घ्या. नव्या साधनांत हा त्रास बराच कमी झालाय.

एकाच जगाची दहा चित्रं हवी आहेत. प्रत्येक वेळी जग बदलतं!

हे सगळ्यात अवघड, आणि इथे मी स्वतः आपटलोय. एका मित्राच्या कथेसाठी दरीचं एक चित्र केलं, सगळ्यांना आवडलं. मग तो म्हणाला, “हीच दरी रात्रीची दे ना.” तीन संध्याकाळी घालवल्या. सीड तोच ठेवून ‘रात्र’ लिहिलं की दरीच वेगळी यायची. मॉडेलला दरी आठवत नाही, कारण त्याच्याकडे दरी नसतेच, फक्त ते एक चित्र असतं.

शेवटी उपाय सापडला तो जुन्याच वळणाचा. एका थ्रीडी प्रोग्रॅममध्ये, माझ्या बाबतीत फुकट मिळणाऱ्या ब्लेंडरमध्ये, दरीचा ओबडधोबड आराखडा केला. नुसते ठोकळे आणि उतार. त्यातून डेप्थ मॅप काढला, म्हणजे जवळचं पांढरं आणि लांबचं काळं असं करडं चित्र, आणि ते कंट्रोलनेटला दिलं. कंट्रोलनेट २०२३ मध्ये आलं, चित्राची रचना शब्दांऐवजी अशा आराखड्यातून देता येते. आता दरी माझी, तिच्यावरचा दगड आणि उजेड मॉडेलचा. कॅमेरा हलवला तरी तीच दरी, रात्र केली तरी तीच.

एवढा खटाटोप नको असेल तर संदर्भचित्र देण्याची सोय असलेलं साधन वापरा, किंवा ‘या चित्रात फक्त वेळ बदल’ अशा संवादी सूचना घेणारं. पण त्याआधी जगाची एक वही करा. सूर्य किती आणि कोणत्या रंगाचे, हवा आहे का, खडक कोणता, वारा कुठून. दहा ओळी पुरतात. प्रत्येक प्रॉम्प्टमध्ये त्याच ओळी त्याच शब्दांत टाका. ‘गेरूच्या रंगाचा’ आणि ‘तांबडा’ हे तुमच्या लेखी एकच असेल, मॉडेलच्या लेखी नाही.

प्रॉम्प्ट मराठीत लिहिला तर चालतो का?

साधनावर अवलंबून आहे. सुरुवातीची मॉडेलं मुख्यतः इंग्रजी मथळ्यांच्या चित्रांवर शिकली, त्यांना मराठी दिलं की वाटेल ते काढतात. शिवाय जुन्या स्टेबल डिफ्यूजनमध्ये प्रॉम्प्टची मर्यादा ७७ टोकनांची, म्हणजे शब्दांच्या छोट्या तुकड्यांची, होती, आणि देवनागरी अक्षरांचे तुकडे इतके पडतात की दोन वाक्यांतच ती संपते. ज्या साधनांमागे मोठं भाषामॉडेल आहे त्यांना मराठी चांगलं कळतं. तरी भूगोलाचे नेमके शब्द इंग्रजीत द्यावेत, फरक पडतो. माझी पद्धत अशी: वही मराठीत, विचार मराठीत, प्रॉम्प्ट ज्याला जे कळेल त्यात.

एखाद्या चित्रकाराचं नाव टाकून ‘त्याच्या शैलीत’ मागावं का?

मी टाकत नाही. पोलंडच्या ग्रेग रुत्कोव्स्की या चित्रकाराचं नाव २०२२ मध्ये इतक्या प्रॉम्प्टमध्ये पडलं की आपण न काढलेली चित्रं आपल्या नावाखाली सापडतील अशी काळजी त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली. हयात माणसाच्या पोटावर पाय येतो, हे एक. आणि दुसरं, नाव टाकलं की तुम्ही ठरवायच्या सगळ्या गोष्टी, म्हणजे उजेड, रंग, रचना, त्याच्या सवयींनुसार ठरून जातात. शैलीतलं नेमकं काय आवडलं ते शब्दांत मांडा: जाड फटकारे, मोजके रंग, खाली ठेवलेलं क्षितिज.

हे चित्र माझ्या मालकीचं ठरतं का?

देशादेशांत उत्तर वेगळं आहे आणि अजून बदलतंय. अमेरिकेतलं उदाहरण सगळ्यात गाजलेलं. २०२२ मध्ये जेसन ॲलन यांनी मिडजर्नीवर केलेल्या चित्राला कोलोरॅडोच्या राज्य जत्रेत डिजिटल कला विभागात पहिलं बक्षीस मिळालं. त्यासाठी किमान ६२४ वेळा प्रॉम्प्ट बदलल्याचं त्यांनी सांगितलं. तरीही २०२३ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं यंत्रानं केलेल्या भागाची नोंद करायला नकार दिला. त्या कार्यालयाच्या जानेवारी २०२५ च्या अहवालातही निव्वळ प्रॉम्प्ट पुरेसा नाही अशीच भूमिका आहे. माणसानं स्वतः केलेली मांडणी आणि बदल यांचा विचार मात्र होऊ शकतो. विकायचं असेल तर साधनाच्या अटी वाचा आणि कामाच्या टप्प्याटप्प्याच्या फाइली जपून ठेवा.

लोक माझं चित्र खरा फोटो समजून पुढे पाठवतात. काय करू?

चित्रावरच लिहा, कोपऱ्यात, ‘काल्पनिक चित्र, एआयच्या मदतीनं’. मजकुरात लिहिलेलं दुसऱ्या फॉरवर्डला गळून पडतं. नासासुद्धा दूरच्या ग्रहांच्या चित्रांखाली ही कलाकाराची कल्पना आहे असं लिहिते. फसायला एआयच लागतं असंही नाही. २०२२ च्या जुलैअखेर फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ एतिएन क्लाइन यांनी सॉसेजच्या चकतीचा फोटो ‘जेम्स वेब अवकाश दुर्बिणीनं टिपलेला तारा’ म्हणून गमतीनं टाकला. बरेच जण फसले आणि त्यांना माफी मागावी लागली.

छापायला किती मोठं चित्र लागतं?

ए३ कागदावर ३०० डीपीआयनं, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून, छापायचं तर ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल. १०२४ पिक्सेलचं चित्र त्याच हिशेबानं जेमतेम पावणेनऊ सेंटिमीटर भरतं. अपस्केलर वापरावा लागेलच, पण तो दगडांना प्लास्टिकचं रूप देतो. वरून थोडा फिल्मसारखा दाणा घातला की ते झाकलं जातं.

सराव कुठून सुरू करू?

चंद्रापासून. दोन सूर्य, कडी, जांभळी जंगलं सगळं बाजूला ठेवा. काळं आकाश आणि त्यात एकही तारा नाही, कारण उन्हातल्या जमिनीला जुळवलेल्या कॅमेऱ्यात तारे उमटत नाहीत, अपोलोच्या फोटोंतही नाहीत. गोलसर डोंगर. धुकं शून्य. सूर्य एका बाजूनं, सावल्या काळ्याकुट्ट, एकाच दिशेच्या. मॉडेल तारे घालेल, सुळके काढेल, लांबचं पुसट करेल, आणि पृथ्वी काढलीच तर तिची कोर उलटी उजळवेल. एकेक हुसकून लावा. पहिल्या दिवशी चाळीस-पन्नास प्रयत्न जातील. ते साधलं की टायटनचा किनारा घ्या: नारिंगी धुरकं, मिथेनचं संथ तळं, गोल गुळगुळीत बर्फाचे गोटे, आणि पाऊस. तिथले थेंब जवळपास सेंटिमीटरभर जाडीचे आणि सेकंदाला साधारण दीड मीटर इतक्या निवांत वेगानं पडणारे. मॉडेल पावसाच्या तिरप्या रेघा ओढेल. त्याच्याकडून हवेत तरंगल्यासारखे सुटे, टपोरे थेंब कसे काढून घ्यायचे हे मला अजून नीट जमलेलं नाही. तुम्हाला जमलं तर प्रॉम्प्ट कळवा.